जयाच्या लॅपटॉपमधली पेनल्टी

हॅलो?… हो, आचलच बोलून राह्यली. जया, आधी ऐक! तुझा लॅपटॉप चालू झाला!… अगं खरंच! तुझे बाबा भंगारात देतो म्हणत होते ना? त्यांले सांग, लॅपटॉप म्हातारा नाई झाला, त्याच्यावर ओझं लय झालतं.

नाई, नाई… काहीच पुसलं नाई. बाप्पा, ओरडू नको! पेनड्राइव्हवर लिनक्स टाकलं अन् तिथूनच सुरू केलं. तुझ्या फायली जशाच्या तशा आहेत… लिनक्स. लि-न-क्स… कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर गं, जुन्या मशीनलेबी झेपते… फुकट तर आहेच, पण मजा ती नाई. ते उघडं आहे. आत काय लिहिलंय ते कोणीबी वाचावं, बदलावं, दुसऱ्याले द्यावं. शेजारीण वाटीभर भाजी देते अन् कशी केली तेबी सांगते, तसं… मले सगळं समजलं? नाई गं, अर्धंच! म्हणून तर सकाळपासून पाह्यत बसली.

हो, हो… अगं ऐक ना. तुझ्या आईनं काढलेला व्हिडिओ सापडला. नाचणगावच्या पोरींसोबतची फुटबॉलची मॅच… काऊन नको पाहू?… पेनल्टी चुकली तर चुकली! मोठमोठ्या खेळाडूंची चुकते, टीव्हीवर, साऱ्या जगासमोर…

काय? उद्या खेळत नाई म्हणजे? जया, फायनल आहे! त्याच पोरी, तीच गोलकीपर… सरांले सांगितलं का?… नाई ना? मंग सांगू नको. थांब जराशी.

लावला. तुझी आई किती ओरडते वो! ‘मार वो माय, मार!’… हसली ना? हसली!… आता हळू करते. याच्यात एकेक चित्र पुढे सरकवता येते. तू चुन्याच्या ठिपक्यावर बॉल ठेवला… मागं गेली… थांब. परत लावते… जया, मारायच्या आधी तू कुठं पाह्यते?… बॉलकडे? नाई! डाव्या खांबाकडे. अन् ती गोलकीपर तुझ्या डोळ्यांकडे पाहून राह्यली. तुझा पाय हालायच्या आधीच तिकडं झुकली!

पण तिकडंच काऊन पाह्यते तू?… काय म्हणतेस… अगं, ओढणी! प्रॅक्टिसले नेम धरायसाठी आपल्या गोलच्या डाव्या बांबूले माझी लाल ओढणी बांधतो ना आपण? मॅचमध्येबी तू तीच शोधून राह्यली! तिथं कोण बांधणार ओढणी?

म्हणजे किक खराब नाईच तुझी. एकदम कडक आहे. नजर चुगली करते… मंग करून पाह्य ना! डावीकडे पाह्य, उजवीकडे मार… जमणार नाई कशावरून? अजून उजेड आहे…

हॅलो?… जया?… फोन कुठं ठेवला?… हा धप्प-धप्प आवाज कशाचा?… अगं, कोणाच्या भिंतीवर मारून राह्यली? शेजारच्या मंदाबाई ओरडून राह्यल्या, मले इथं ऐकू येते!

जया, मंग सरांले काही सांगत नाईस ना?… जया?…

ऐकतच नाई… पुन्हा धप्प…

बरं. मार तू. ठेवते मी.