शिंगरू राहून गेलं

सकाळी सव्वादहाला, दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या म्हाताऱ्याच्या मोबाइलमधल्या खेळात घोडी पंचवीस वर्षांची झाली. समोर नोंदी करणाऱ्या नर्सला त्याचं नि शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचं बोलणं ऐकू येत होतं.

“संपलं. पंचविशीनंतर या खेळात घोडी फळवता येत नाही.”

“अहो, पण लेक जाताना बजावून गेली होती ना, विशीच्या आत शिंगरू होऊ द्या म्हणून?”

“ती सुट्टीला आली की मिळून घोडा निवडू, म्हटलं.”

“चार वर्षं झाली, आली का? कशाचंही भिजत घोंगडं ठेवायचं, एवढंच येतं तुम्हाला!”

“एक बटण तर दाबायचं होतं गं.”

“त्यापेक्षा तिला सरळ ‘ये’ म्हणायचं होतंत.”

“तेही राहिलं.”

“कळवलंत तिला?”

“मघाशीच. घोडीचं तेवढं लिहिलं.”

“मग?”

“वाचलंय तिने. उत्तर नाही अजून.”