पहिला झुरका बाईचा

माहेर माहं जानेफळचं. बापानं मले दिलं तं कुठं, थेट संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याले, जथून माहेरी जायचं म्हनलं का येस्ट्या बदलता बदलता दिवस बुडते. बाप म्हने घर चांगलं हाये, ढोरंवासरं हायत, सासरा मानाचा मानूस हाये, चार लोकं रोज ओसरीवर येऊन बसतेत. बसत होते ना, काऊन नाई बसत. त्या चार लोकांनीच तं मले खाल्लं. लेहा ताई तुमी, माहं नाव टाका का नका टाकू, तुमची मर्जी, पन हे लेहा.

सासऱ्याले चिलमीचा नाद. गांजा नाई हो, साधी तंबाखू, पन दिवसभर. आता चिलम अशी चीज हाये का ती वढल्याबिगर पेटत नाई. चूल कशी, फुंकली का पेटते. चिलमीले दम आतमंधी घ्या लागते, म्हंजे कोनाले तरी तोंड लावाच लागते. आन् पहिला झुरका असते खरबरा, कोयशाचा सारा धूर त्याच्यात, नरड्याले ओरखडे काढते. मामाजीले, म्हंजे माह्या सासऱ्याले, तो सोसत नव्हता. म्हून आमच्या घरची रीत काय, चिलम बाईनं चुलीपाशी भरायची, बाईनंच वढून पेटवायची, आन् मंग डोयावर पदर घेऊन दारातून हात तेवढा बाहेर काढायचा. ओसरीवरचे मानसं असे करत जशी काई चिलम आपली आपनच पेटून आली. वा पाटील, काय पेटली हाये, म्हनत. मामाजी म्हनत आमच्या घरचा इस्तो पक्का हाये. इस्तो पक्का! आन् चुलीपाशी मी खोकू खोकू डोये पुसून राह्यली, ते कोनाले दिसत नव्हतं.

माह्याआंधी हे काम माही सासू करे. आत्याबाई म्हनत होतो आमी तिले. वायली हाडकुळी बाई, बोलनं कमी. मी नवी नवरी, मले काय येते, भरली आपली ठासून आन् ठेवला वरतून निखारा. एकदा काय झालं, कुठून तरी ढोरांच्या सौद्याले एक पाव्हना आला. चांगला बोलघेवडा. चिलम हातात धरून तो बैलाचीच गोष्ट सांगे, वढनं नाई, पुढच्याले देनं नाई, गोष्टच संपेना. चिलम इझली. आता कोनाच्या हातात इझली, सांगा तुमीच? पन मामाजी उठले, त्याच्या हातातून चिलम घेतली, दारापाशी आले आन् म्हने, बापानं शिकोलं नाई काय तुले, आन् फेकली माह्या अंगावर. वरची राख थंडी होती, आतला निखारा नाई. हे पाहा मनगट. सारे पाहून राह्यले होते, पन पाव्हना म्हनला नाई का बापा, मीच धरून बसलो होतो. माहा नवरा तथीच बसला होता, तोही बोलला नाई.

त्या संध्याकायी आत्याबाईनं मले शिकोलं. हाताले तूप लावलं आन् म्हने, पाह्य माय, तुले मार खायाचा नसन तं हे शिकून घे. तंबाखू ओली नको, कोरडी नको. तयहातावर चोयून मोकयी मोकयी भर. ठासली तं हवा मरते, चिलम गुदमरून इझते, लय ढिली भरली तं भसकन जयते आन् राख होते. खाली खडा टाकते नं, तो गोल नको, एका अंगानं कोर असलेला पाह्य, हवेले वाट पाह्यजे. निखारा घेशीन तं बाभयीचा. तुराटीचा लवकर मरते, गवरीच्यावर राखच लय धरते. खालच्या तोंडाले छापी गुंडायते, ते फडकं, ते ओलं कर पन पक्कं मुरगाय, थेंब आत गेला का झालं. आन् वढतानी एकदम नको वढू, पयले बारके बारके, पक पक, असे, जीव धरते तवा, आन् मंग एक लांब. मी म्हनलं आत्याबाई, आन् बाहेर नेल्यावर कोनी धरून बसला तं? तं म्हने, त्याले काई इलाज नाई माय. बोलनाऱ्याच्या हातात चिलम मरते आन् शिवी चुलीपाशी येते.

मी शिकली. अशी शिकली का वारा सुटला, पाऊस लागला तरी माही चिलम इझत नव्हती. पन कोनी चांगलं म्हनलं असन तं शप्पत. आत्याबाई खोकतच राहे, खोकता खोकता वाकून जाये, लोकं म्हनत तिले पयलेपासूनच दमा हाये. एका उन्हायात गेली. मौतीले आलेल्या लोकाईसाठी चिलम पाह्यजेच नं, मंग ती कोनं पेटवली? मीच. सासू अंगनात झाकून ठेवली हाये आन् मी आत पक पक करून राह्यली. रडता येत नव्हतं, रडलं का दम तुटते.

मंग मामाजी गेले, मंग आमचे हेही गेले. आता कोनासाठी पेटवाची? पन छातीले सवय पडली नं बापा, सकायी उठलं का ती मांगे. मी लपली नाई. ओसरीवर बसली आन् भरली. माहा दीर आला, शेजारीच राह्यते, म्हने बाईची जात आन् उघड्यावर चिलम वढते, घरान्याची इज्जत घालवली. मी म्हनलं भाऊजी, तुमी जलमभर जे वढलं ते कोनाच्या तोंडातून येत होतं? गल्लीतले लोकं आयकून राह्यले होते. तो तोंड घेऊन गेला तो माह्याशी अजून बोलत नाई. नको बोलू.

पन दिराचं सोडा, तो परका. माहा पोरगा सुरेस, त्याचं सांगतो. मले खोकला धरला, चार पावलं चाललं का दम लागे, राती उशी उभी करून बसा लागे. त्यानं मले तालुक्याले डाक्टरकडं नेलं. डाक्टर चांगला मानूस, म्हने आजी, बिडी तंबाखू काई वढता काय? मी तोंड उघडाच्या आंधी सुरेस म्हने, छे छे साहेब, आमच्या घरच्या बाया असल्या नाईत. चुलीचा धूर हाये तो. तवा त्याच्या पोरीसाठी चिखलीकडचं लग्नाचं स्थय आलं होतं, आजी चिलम वढते हे त्या लोकाईच्या कानावर जाऊ नये म्हून. त्याच्या तोंडाकडं पाहूनच मी चूप बसली. डाक्टरनं चुलीच्या धुराचं औषद देलं. सारा पावसाया तेच औषद खाल्लं, आन् छाती आपली खालीच चालली. पायाले सूज आली. एक दिवस न्हानीत पडली.

मंग बुलढान्याले नेलं. तथीची डाक्टरीन बाई, तिनं तोच सवाल केला. सुरेस पुन्हा सुरू झाला, नाई म्याडम, आमच्या घरच्या बाया. तं ताई, काय सांगू तुमाले, माह्या आंगात कुठून जोर आला. बोलाले दम नव्हता तरी मी वरडली. वढत होती! नवरी होऊन आली तवापासून वढत होती! याच्या आज्यानं तोंडाले लावली, याचा बाप पाहून राह्यला, आन् हा इथं माहं मरन लपवून राह्यला! बाहेरच्या बाकड्यावरचे लोकं उठून दारात आले. सुरेस भिताडाकडं तोंड करून उभा. सून माही, मंगला, तिनं माह्या पाठीवर हात ठेवला आन् म्हने, लेहून घ्या म्याडम, आई बरोबर सांगून राह्यल्या. त्या बाईनं सारे तपासे केले. म्हने फुप्फुस लय खराब झालं आजी, पयले सांगतलं असतं तं इतकं झालं नसतं.

ते स्थय? जमलं ना. पोरगी चिखलीले नांदून राह्यली, मजेत हाये. तिच्या सासरी कोनी इचारलंही नाई का आजी काय वढते. ज्याच्यासाठी माहा पावसाया गेला ते कोनाच्या मनातही नव्हतं.

चिलम सोडली मी. सोडली म्हंजे छातीनंच सोडोली. आता हा पंप हाये, सकायी संध्याकायी तोंडात फुसफुस कराचा. तो दोन्ही टाईमले मंगला आठोनीनं देते. अंगनातल्या निंबापावतर जातो, बसतो, वापस येतो. सुरेस दर खेपेले दवाखान्यात नेते, नाई म्हनता येत नाई, पन डाक्टरीन बाईनं सवाल सुरू केले का हा चहा प्यायले जाते. माह्या डोयात पाहून बोलला नाई अजून. पोटचा हाये, त्याले फेकून थोडीच देता येते. सुखी राहो बापा, लेकराबाळाइत राहो, त्याले चांगली झोप लागो. पन मी राग सोडून त्याले माफ करून टाकन अशी वाट पाहून राह्यला असन तं पाहो. मले घाई नाई.