वाहत्या पाण्याकडं तोंड

(भालकीजवळ मांजरा नदीचा डोह. १९७९ सालातला एक रविवार, दुपार.)

राजूबाई : आन माझ्याकडं काय बघायलाव? ती गळाची काठी खाली टाका म्हणलं न्हवं!

श्रीमंत : हळू बोल. मासे बुजतेत.

राजूबाई : मासे बुजतेत! हितं घर बुडालं माझं, आन ह्यांना माशाची काळजी. ओ प्राणेश मास्तर, तुमी तरी बोला. तुमच्यापायी झालंय हे समदं.

प्राणेश मास्तर : राजूबाई, आधी सावलीत बसा बघू. एवढ्या उन्हात गावातून चालत आलात. पाणी घ्या थोडं.

राजूबाई : तुमचं पाणी तुमालाच ऱ्हाऊ द्या. व्याही अमृतप्पानं गडी धाडून लुगडं परत मागवलं. आमच्या महादेवीला कुंकू लावताना नेसवलेलं हिरवं लुगडं, नारळ, खण, समदं टोपलीत घालून गड्याच्या डोक्यावर दिलं. गल्लीतनं न्हेलं त्यानं, दिवसाढवळ्या. बाया दारात येऊन बघायल्या व्हत्या.

प्राणेश मास्तर : अरेरे! पण का? सोयरीक तर पक्की झाली होती ना?

राजूबाई : व्हय, झाली व्हती की. गावातला त्यो शिवशंकरप्पा बसमधनं पुलावरनं चालला व्हता. वरनं बघितलं त्यानं, हे म्हाराज गुडघाभर पाण्यात हुबे, हातात मासा. उतरला ते सरळ अमृतप्पाच्या दुकानात. म्हणला, तुमचा व्याही नदीवर मासे खातंय.

श्रीमंत : खात न्हवतो. धरला व्हता.

राजूबाई : लिंगायत माणूस, गळ्यात लिंग आन हातात मासा! म्होरं खाल्ला का पुजला, कोण इच्यारतंय?

प्राणेश मास्तर : अहो, पण आम्ही सोडून देतो तो मासा. धरला की परत पाण्यात. कुणी घरी न्यायचा नाही, हा आमचा पहिला नियम.

राजूबाई : हेच सांगाय गेले म्या. पोट धरून हसला अमृतप्पा. म्हणला, 'बाई, धरलेला मासा सोडणारा माणूस म्या तरी जल्मात बघितला न्हाई. घरी आणत न्हाई म्हंजे तिथंच भाजून खातंय.' काय बोलू म्या त्याच्यावर? मला तरी कुठं पटतंय? सोडायचाच असला तर धरता कामून?

प्राणेश मास्तर : माझ्याकडं बघा. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. मी मासा खाईन का?

राजूबाई : न्हाई खात, तर मग बामणाच्या घरच्या माणसानं नदीवर काय करावं? संध्या करावी!

प्राणेश मास्तर : तीही करतो. अहो, मी पलटणीत कारकून होतो, निलगिरीला. तिथल्या मेजरसाहेबांनी शिकवलं हे. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची आणि पाण्यावर अलगद टाकायची. ते धरलेला मासा तळून खायचे, मी सोडायचो. सगळी पलटण हसायची मला. रिटायर होऊन बिदरला आलो, तर लढाईतून आलेली ही माणसं पारावर नुसती बसून. कुणाचा पाय गेलेला, कुणाचा डोळा. मग मी, पिराजी कंपाउंडर आणि आणखी दोघं, रविवार मोकळा असणारे, म्हटलं यांना नदीवर नेऊ. आम्हाला कुणी सांगितलं नाही, कुणी काही देत नाही.

राजूबाई : कुणी सांगितलं न्हाई, तर घरी बसा की वो! लोकाचे नवरे कशाला पाण्यात हुबे करता?

श्रीमंत : राजू, बास. मास्तरला बोलू नकू.

राजूबाई : आली का वाचा? सात वर्सं झाली तुमाला लढाईतनं परत येऊन. घरात व्हय-न्हाईच्या म्होरं शबूद न्हाई. पोरगी ताट ठिवती, हे खाली मान घालून जेवतेत. आन मास्तरवर बोट उचललं की लगीच तोंड उघडलं! मास्तर, तुमच्यासंगं बोलतेत का हे?

प्राणेश मास्तर : बोलतो कधीमधी.

राजूबाई : काय बोलतेत?

प्राणेश मास्तर : ते त्यालाच विचारा. माझ्यापाशी ठेवलेलं मी कसं देऊ?

राजूबाई : व्वा! बायकू म्या, आन ठेव मास्तरपाशी!

श्रीमंत : तू कशाला आलीस, ते सांग.

राजूबाई : न्यायला आले. अमृतप्पा मठात येऊन बसलाय. पंचबी हायेत. म्हणतोय, सोयरीक अजून मोडली न्हाई, पर स्वामींच्या म्होरं कुणीतरी लिंग हातात घेऊन सांगावं, ह्या घरात कुणाच्याच हाताला मासा लागला न्हाई म्हणून. तुमी सांगून चालत न्हाई. तुमचं डोकं ठिकाणावर न्हाई म्हणतेत ते. म्या सांगायचं.

श्रीमंत : खोटं?

राजूबाई : खोटं! लागू दे मला पाप. तुमी फकस्त काठी मोडायची आन माझ्या मागं येऊन हुबं ऱ्हायचं. एवढं बी जमंना व्हय पोरीसाठी?

श्रीमंत : लिंग हातात घिऊन खोटं बोललीस, तर मी त्या मठाची पायरी चढणार न्हाई. काठी बी मोडणार न्हाई.

राजूबाई : पोरगी घरात बसवून ठिवणार जल्मभर?

श्रीमंत : महादेवी काय म्हणती?

राजूबाई : तिला काय कळतंय? सकाळी लई बोलाय लागली, थापड मारली म्या.

प्राणेश मास्तर : थापड? काय बोलली ती?

राजूबाई : तुमाला काय करायचंय? तुमची पोरगी हाय का? महादेवीचे अप्पा, पाया पडते तुमच्या. चला.

श्रीमंत : माझे हात बघ राजू. घरात चहाची बशी धरली की निम्मा चहा सांडतो. तूच म्हणतीस, लेकराच्या वरताण झालाव. हितं हे बारीक बारीक पीस बांधतो मी. सुतासारखा दोरा. एवढा येळच हात हलत न्हाई. हे गेलं तर मी काय करू? सांग.

राजूबाई : पीस कुठलं आणलं?

श्रीमंत : देव्हाऱ्यातल्या कुंच्याचं. मोराचं.

राजूबाई : अगं बया! देवाचा कुंचा उपटून गळाला बांधला! म्या त्या पोरीला बोलले, झाडताना पिसं कामून गळायलीत म्हणून! आणा. आणा हिकडं ती काठी. मोडतेच आता.

श्रीमंत : सोड राजू. दोरी पाण्यात हाय. राजू!

राजूबाई : न्हाई सोडत! आई गं... हे काय? वढायलंय कोण?

प्राणेश मास्तर : मासा लागला! राजूबाई, काठी सोडू नका. वर धरा, वर!

राजूबाई : म्या न्हाई धरत! घ्या तुमची काठी!

श्रीमंत : टाकलीस तर काठी घिऊन जाईल त्यो, गळ तोंडात तसाच ऱ्हाईल. मरंल. धरून ठिव. दोरी मी घेतो हातात. आलो, आलो... थांब.

राजूबाई : लवकर करा वो! हात तुटायलाय माझा!

श्रीमंत : घावला. गळ निघाला. ... मास्तर, लई दमलाय ह्यो. उलटा व्हायलाय.

प्राणेश मास्तर : धर त्याला. तोंड वाहत्या पाण्याकडं. घाई नको.

श्रीमंत : हात हलायलेत मास्तर. धरवत न्हाई. भांडण झालं की असंच व्हतंय. निसटला तर संपलं.

प्राणेश मास्तर : मी येतो. थांब, टेकायची काठी कुठं गेली माझी?

श्रीमंत : तुमी उतरू नका, चिखल हाय. गुडघा धड न्हाई तुमचा, तुमालाच धरावं लागंल. राजू. ये.

राजूबाई : म्या? येडे झालाव का?

श्रीमंत : मरंल गं त्यो.

राजूबाई : मरू द्या! मासाच हाय की.

श्रीमंत : माझ्या हातात मरंल. पुन्यांदा हात लावणार न्हाई मी कशाला. राजू, ये गं.

राजूबाई : ... शिवा, शिवा. काय वाढून ठिवलंय नशिबात. कुठं धरू?

श्रीमंत : खालनं. पोटाखाली तळवा दे. दाबू नकू, नुसता आधार. तोंड वरच्या अंगाला कर, पाणी येतंय तिकडं.

राजूबाई : गार हाय. बुळबुळीत. ... जाईना की ह्यो. सोडलंय म्या, तरी जाईना.

श्रीमंत : लगीच जात न्हाई. डोकं गरगरतंय त्याचं. आपुन सुटलाव का न्हाई, हेच कळत न्हाई त्याला. तवर हात काढायचा न्हाई.

राजूबाई : किती येळ?

श्रीमंत : त्यो सांगंल तवर. ... मला बी सोडलं व्हतं राजू. वरीसभर दुश्मनाच्या कैदेत ठिवलं, मग सरहद्दीवर आणून सोडलं. बँड वाजला, हार घातला, आगगाडीत बसवलं. बिदरला उतरलो, गावात आलो. पारावरच्या लोकांनी पयलं काय इच्यारलं, म्हाईत हाय?

राजूबाई : काय?

श्रीमंत : बाकीचे मेले, तूच कसा वाचलास रं? त्या दिसापासून गरगरतंय माझं. घडीभर बी कुणी धरलं न्हाई मला. इच्यारायचं सोडून नुसतं धरायचं व्हतं गं.

राजूबाई : आन मला?

श्रीमंत : काय?

राजूबाई : मला कुणी धरलं व्हतं? तार आली, श्रीमंत बेपत्ता. सासूबाईनं उंबऱ्यावर बसवून बांगड्या फोडल्या माझ्या. त्यांच्या हातनं. धा वर्सांची महादेवी बाजूला हुबी व्हती. मग तुमी आलाव. समदं गाव तुमाला बघाय जमलं. माझ्या मोकळ्या हाताकडं बघितलं का कुणी? तुमी बघितलं? म्या एकटी गेले कासाराकडं, म्हणलं, भर बाबा, नवरा जित्ता हाय. बाजार हसाय लागला. घरी येऊन चूल पेटवली म्या. तुमीच गप बसलाव असं वाटायलंय व्हय तुमाला? म्या सात वर्सं वरडायले, ते कशापायी?

श्रीमंत : ... मला ठावं न्हवतं.

राजूबाई : इच्यारलं कवा?

प्राणेश मास्तर : राजूबाई... हातात बघा.

राजूबाई : अगं! हलला. शेपूट हलवायलाय. महादेवीचे अप्पा, बोटावर ढकलतंय मला... गेला! गेला बगा, गेला! खाली गेला!

श्रीमंत : गेला.

राजूबाई : मागं वळून बी बघितलं न्हाई मुडद्यानं.

प्राणेश मास्तर : बघत नाहीत ते. या, वर या दोघं. हा माझा साबण घ्या राजूबाई, हात धुऊन टाका. मठात जायचंय तुम्हाला. मी काही बघितलं नाही, बरं का. शपथ तुमची, तुम्ही बघा.

राजूबाई : आता कसली शपथ मास्तर? घरात कुणाच्याच हाताला लागला न्हाई म्हणायचं व्हतं. ऱ्हाऊ द्या साबण. अमृतप्पा वास घ्यायलाच बसलाय न्हवं? घेऊ द्या त्याला.

श्रीमंत : राजू, रागाच्या भरात करू नकू. पोरीची सोयरीक हाय.

राजूबाई : राग तर हायच. तुमच्यावर बी हाय, मास्तरवर बी हाय. आन त्या कुंच्याचं तर म्या इसरणार न्हाई.

प्राणेश मास्तर : मठात कधी बोलावलंय? आम्हाला घेऊन आलेली जीप वर उभी आहे, पिराजी सोडेल.

राजूबाई : मठात मागनं जाऊ. बसू द्या अमृतप्पाला. आधी घरी जायचंय मला.

श्रीमंत : घरी कामून?

राजूबाई : सकाळी पोरगी म्हणली, 'ज्या घराला माझ्या अप्पाची लाज वाटती, तिथं मला देऊ नकू.' त्याच्यावरच थापड मारली म्या तिला. ... चला. तुमी बी चला. गाल सुजला असंल तिचा.