बंदराच्या फाटकाचा दांडा

बंदराच्या रस्त्यावर एसटी थांबली. आपोआप चालणाऱ्या फाटकाचा दांडा निम्मा खाली यायचा आणि परत वर जायचा. हेल्मेट घातलेली एक मुलगी खांबाशी वाकून काम करत होती. गाडीत खिडकीशी बसलेल्या हरिश्चंद्रतात्यांच्या पुढच्या सीटवर दोघी बायका बोलत होत्या.

"गो इझाबेल, ती तुझी लेक फ्लाविया मां?"

"तीच."

"मगे हाक मार तिका!"

"नको गो सुगंधा. कामात आसा."

"झाला काय त्या दांड्याक?"

"तेच्या सेन्सराच्या डोळ्यार खाऱ्या वाऱ्याचा मीठ बसला. समोर कोणी नसला तरी आसा असा वाटता तेका. आता तिना पुसल्यान."

"आवयस गो! ती दांड्याखाली जावन उभी रवली!"

"रवतलीच. आपण उभी रवल्याशिवाय दुसऱ्याक सोडणा नाय ती."

"आणि डोक्यार पडलो तर?"

"पडाचो नाय. तिना दुरुस्त केल्यान."

"मगे माझो हात कित्याक आवळतंस?"

दांडा खाली आला. तात्या सीटवरून अर्धे उठले. हेल्मेटच्या वीतभर वर दांडा थांबला आणि सावकाश वर गेला. मुलीने चालकाला हात केला.

"सोड आता, काकणां फुटतली माझी."

गाडी फाटकातून पुढे गेली.

"तिना तुका बघूक पण नाय गो."

"मी बघलंय मां तिका."