स्प्रूसची चार बोटं साल

पांढरं लाकूड. टूथब्रश. गंधकाचा वास. मेथीची जुडी. एका बाईचं नख.

काय हो मंडळी, यांचा एकमेकांशी संबंध काय? लावतो! पण आधी सांगा — माणसाने जपायचं काय, गेलेलं की राहिलेलं? माना डोलवू नका, उत्तर अजून आलेलं नाही.

पाचगणीला केळशीकर म्हणून निवृत्त ड्रॉइंगमास्तर होते. हिमाचलात एक रस्ता रुंद होत होता. तिथे तोडायला काढलेलं खुरटं स्प्रूस, म्हणजे देवदाराच्या कुळातलं झाड, त्यांनी रीतसर परवानगी काढून मुळांसकट आणलं, कुंडीत लावलं. गुडघ्याएवढं झाड, वय शंभरावर! वीज पडून खोड बहुतेक वाळलेलं. आता बोन्सायवाल्यांची गंमत ऐका — वाळलेलं लाकूड ते टाकत नाहीत. कोरतात, टूथब्रशने घासतात, चुना-गंधकाचं पाणी लावून पांढरंशुभ्र करतात. मान त्यालाच!

बोन्सायचं प्रदर्शन आठ दिवसांवर. मास्तर तहानभूक विसरले. बायको, मालूताई, जेवायला हाका मारून थकायच्या, आणि मास्तर त्या वाळक्या लाकडाला विचारायचे, दुखत नाही ना रे?

सगळं पांढरं झालं. मधे उरला चार बोटं तपकिरी सालीचा पट्टा. मास्तरांच्या डोळ्यांत तो खुपायला लागला. उचलली छिन्नी! तेवढ्यात मालूताई बाजारातून आल्या.

"अहो, तो कशाला सोलताय?"

"मेलाय तो. रंग बघ."

"शेंडा हिरवा आहे की. तो काय हवा पिऊन जगतो?"

मास्तर म्हणाले, तू मेथी निवड. मालूताईंनी पिशवी ठेवली आणि नखाने साल इवलीशी खरवडली. आत — हिरवीगार! मुळांचं पाणी तेवढ्याच वाटेने वर चढत होतं. मास्तरांनी छिन्नी खाली ठेवली. एक घाव, की झाड संपलं असतं!

प्रदर्शनात परीक्षक म्हणाले, कोरीवकाम देखणं, पण हा पट्टा शोभा घालवतो.

"जिवंत तेवढाच आहे," मास्तर म्हणाले. बक्षीस दुसऱ्याला गेलं.

मंडळी, मास्तरांना हसलात? तुम्ही काय करता? पणजोबांची सरदारकी रोज घासूनपुसून लख्ख! बारशाला सरदारकी, बाराव्याला सरदारकी! आणि घरात जे माणूस तुमच्यासाठी राबतं, ते बोलायला लागलं की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता. नख लावून बघा एकदा. हळूच लावा.

मास्तर हिमाचलात झाड आणायला निघाले, त्या दिवशी मालूताईंना ताप होता.