दोन देणगीदार

हिच्या महागड्या इंजेक्शनांना एका ट्रस्टची मदत मिळाली, पण कशी मिळाली ते ऐकाच. अर्ज घेऊन जळगावला त्यांच्या ऑफिसात गेलो, तर बाकावर रावेरचे नाना बसलेले. आमच्या मुलीचे होणारे सासरे.

“आबा, तुम्ही इकडे कुठे?”

“देणगी द्यायला,” म्हणत मी अर्ज पिशवीत कोंबला. “आणि तुम्ही?”

“मी बी त्याच्यासाठीच.”

मग आम्ही दानाच्या महतीवर बराच वेळ बोललो. तेवढ्यात शिपाई ओरडला, “औषधाच्या मदतीचे अर्ज कोणाचे? साहेब निघालेत. मग पुढच्या महिन्यातच भेटतील.”

आम्ही दोघं एकदम उठलो. नानांनी सदऱ्याच्या खिशातून तसाच अर्ज काढला. दारात मी अदबीनं बाजूला सरलो.

“नाना, आधी तुम्ही. वरपक्षाचा मान.”