चौऱ्याऐंशीव्या पानावरची जुळी

आदरणीय अध्यक्षा, म्हणजे आमच्या विभागप्रमुख मॅडम, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, आज निवृत्त होत असलेले माझे मार्गदर्शक सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू, सर्व प्राध्यापक, कार्यालयातील मंडळी आणि मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्यानंतर सरांच्या गौरवग्रंथाचं प्रकाशन आहे. त्यात चौऱ्याऐंशीव्या पानावर सरांचा आणि माझा लेख आहे. तिसऱ्या रांगेत माझी आई बसली आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली, त्यामुळे तो पानाचा क्रमांक आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ आहे.

सरांना आम्ही मागून 'पट्टीवाले सर' म्हणतो. माफ करा, सर. मान हलवताय, म्हणजे ठाऊक होतं! सर आकड्यांचा तक्ता छापून घेतात, एकेका ओळीखाली लाकडी पट्टी ठेवतात आणि विचारतात, "ही ओळ कोण आहे?" काय आहे नव्हे, कोण आहे. संगणकाच्या काळात हे कशाला, असं मला वाटायचं. म्हणून या लेखाच्या वेळी पट्टी न लावताच मी सरांना सांगितलं, "लावली."

लेख असा, की परिचारिका ज्या गरोदर बायकांच्या घरी जात राहिल्या, त्यांच्या बाळांचं वजन जास्त भरलं. दोनशे बारा बाळं, दोन गट. काल तक्ता विभागात जमा करायचा होता, म्हणून सहज पट्टी लावली. एका ओळीत जी तारीख, जो पत्ता, आईचं जे वय, तेच खालच्या ओळीत. जुळी! अशा एकोणीस जोड्या, आणि त्यातल्या सतरा परिचारिका न गेलेल्या गटात. जुळी बाळं मुळातच हलकी असतात. ती बाजूला काढली आणि आम्हाला दिसलेला फरक उरलाच नाही.

तासाभरापूर्वी सरांना जिन्यात गाठून हे सांगितलं. बरोबर मॅडमही होत्या.

"किती जोड्या?"

"एकोणीस."

"पट्टी लावली होतीस ना?"

"नाही, सर."

सर कठड्याला धरून उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "अगं, आजच्या दिवशी? उद्या पत्र पाठवू की!"

सर म्हणाले, "उद्या मी निवृत्त. आज अजून हिचा मार्गदर्शक आहे." मग माझ्याकडे वळून, "तू बोलणार आहेस ना? मग बोल."

मॅडम, घड्याळ दिसतंय मला, संपवतेच. लेख छापून आल्याशिवाय प्रबंध देता येत नाही. म्हणजे आता नवे मार्गदर्शक आणि निदान दोन वर्षं. आई, घरी सांगणार होते, पण इथेच सांगते, यंदा काही मी डॉक्टर होत नाही. पण या पानावर विसंबून उद्या कुणी बाळंतिणींसाठी योजना आखली, तर त्यांना काय सांगायचं?

पाहुण्यांना हात जोडून विनंती, ग्रंथाची फीत आज सोडू नका. ती पानं आधी काढून घेऊ.

सर, तुम्ही रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही बोलू दिलंत. मॅडमनी मला इथून खाली उतरवलं नाही, त्यांचे आभार. तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलंत, तुमचेही. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. लेखातली चूक मात्र घालू नका.